माझ्या तोंडाचा बडग्या

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी नागपुरात थांबत नाही. घरात लग्न असो की कोणी आजारी असो, मी आदल्या संध्याकाळीच गाडीत बसतो. लोकांना वाटतं, मिरवणुकीच्या गर्दीचा मला त्रास होतो. गर्दीचा कसला डोंबलाचा त्रास! त्या गर्दीतच मी वाढलो. मला त्रास होतो तो माणसांचा, आणि त्यातही स्वतःला मित्र म्हणवून घेणाऱ्यांचा.

बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्याकडे पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत, बाईच्या रूपातले ते प्रचंड पुतळे, आणि त्यांच्या मागे वस्त्यावस्त्यांचे बडगे. बडग्या म्हणजे बांबू, भाताचं तणस, जुने कपडे आणि कागद यांचा पुरुषभर उंच पुतळा. वर्षभर लोकांना ज्यानं छळलं त्याचा बडग्या करायचा. महागाईचा, साठेबाजाचा, एखाद्या पुढाऱ्याचा. त्याला रस्तोरस्ती फिरवायचं, शिव्या घालायच्या, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं घसा फाटेस्तोवर ओरडायचं आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचं. आमच्या वस्तीत एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. बाहेर काढलेला बडग्या परत आणायचा नाही. त्याची काडीसुद्धा नाही. सगळ्यांची पीडा त्याच्यावर बसलेली असते. ती पुन्हा आपल्या घरात कोण घेणार?

आमच्या वस्तीच्या बडग्याचं तोंड मी रंगवायचो. शाळेत होतो तेव्हापासून. बाकीचे बांबू बांधायचे, तणस भरायचे आणि बांबूच्या टोपलीवर कागद चिकटवून माझ्याकडे आणून टाकायचे. मी त्या टोपलीचा माणूस करायचो. त्यासाठी मी कधी एक पैसा घेतला नाही, आणि कोणी विचारलंही नाही. कलावंताला विचारायचं नसतं अशी आमच्याकडे समजूत आहे. त्याला चहा पाजला की झालं.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटशेवटची वर्षं होती. चित्रकलेची पदविका खिशात टाकून मी रामदासपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बसत होतो. काम काय, तर न बांधलेल्या इमारतींची चित्रं रंगवायची. आकाश निळं, झाडं हिरवी, फाटकात एक मोटार, म्हणजे गिऱ्हाईक खूश. एक दिवस साहेबांनी ऑफिसात कॉम्प्युटर आणला. त्यांनी पडद्यावर एक रेघ ओढली आणि पुसली. कागद नाही, खोडरबर नाही, ओरखडा नाही. मग एक भिंत पिवळी केली, तीच निळी केली, पुन्हा पिवळी केली. एक थेंब चुकीचा पडला म्हणून मी आजवर किती कागद फाडले होते, आणि इथे हा माणूस एका बोटानं आकाश बदलत होता. साहेब जेवायला घरी गेले की मी त्या मशीनसमोर जाऊन बसायचो. माझा डबा तसाच राहायचा. मला ते मशीन हवं होतं. लहान पोराला जत्रेतलं खेळणं हवं असतं तसं हवं होतं, आणि यात लाजण्यासारखं मला तेव्हाही काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्या मशीनवर चोरून केलेली चित्रं घेऊन मी दूरच्या एका शहरात पदव्युत्तर कलाशिक्षणाच्या मुलाखतीला गेलो. रेल्वेनं एक रात्र आणि वर अर्धा दिवस. तिथल्या प्राध्यापकांनी चित्रं पाहिली, आपसात इंग्रजीत बोलले आणि मला म्हणाले, “तुम्हाला जागा देतो. पण आमच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे आणि तो शिक्षकांनाच पुरत नाही. यावर काम करायचं तर मशीन स्वतःचं आणा. सत्र सुरू होईल त्या दिवशी मशीन नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल.” दुसरा बाहेरच बाकावर बसला होता. त्याच्या अंगावर इस्त्रीचे कपडे होते, आणि त्याच्या वडिलांनी मशीन आधीच घेऊन ठेवलं होतं.

नशीब बघा, आमच्या साहेबांच्या ऑफिसात मोठं मशीन येणार होतं. जुनं, म्हणजे रंगीत मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर सगळं, ते मला कमी किमतीत द्यायला तयार झाले. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, “मारबतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पैसे घेऊन ये. त्यानंतर माझा इलाज नाही, दुसरं गिऱ्हाईक बसलेलं आहे.” निम्मे पैसे माझ्याजवळ साठले होते. वडील पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून. त्यांनी फंडातून रक्कम उचलून माझी फी आणि तिथल्या खोलीची सोय केली होती. त्यांच्याकडे आणखी तोंड उघडण्याची माझी छाती नव्हती. उरलेले निम्मे मित्रांकडून घ्यायचे असं मी ठरवलं. मित्र तीन होते, तिघंही कमावते होते. तिघांत वाटले तर कोणाच्याही घरची चूल विझणार नव्हती.

आता हे तिघं कोण ते ऐका. एक बँकेत कारकून, तिथल्या संघटनेचा मोठा भाषणबाज. त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या कमानीपासून रुखवताच्या पाट्यांपर्यंत सगळं मी रंगवलं होतं. दुसरा कोराडीच्या वीज केंद्रात ऑपरेटर, पक्की नोकरी, राहायला क्वार्टर. आईवडील मात्र आमच्याच वस्तीत. त्याच्या भावाच्या दुकानाची पाटी मी दोनदा रंगवून दिली, कारण पहिल्यांदा भावाला रंग आवडला नाही. तिसरा सावनेरचा, कापूसवाला मोठा कास्तकार. कॉलेजात असताना आमच्या वस्तीत खोली करून होता आणि निम्मे दिवस माझ्या आईच्या हातचं जेवत होता. त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा मोर माझा. तो मोर पाहायला शेजारच्या गावचे लोक यायचे असं तोच सांगायचा.

तिघांना मी नेहमीच्या पानठेल्यावर एकदम गाठलं. सगळं सांगितलं. जागा, मशीन, मुदत. म्हणालो, “उसने द्या. मी परत करीन.”

बँकवाल्यानं तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

“कॉम्प्युटर?” तो म्हणाला. “चित्र काढाले कॉम्प्युटर काहून पाहिजे बे? ब्रश मोडले का तुह्ये?”

“शिकायचं आहे मले,” मी म्हणालो.

“अरे, मशीननंच चित्र काढलं त तू काय करशील? बटन दाबशील?” कोराडीवाला हसला. सावनेरवालाही हसला. मग पानठेलेवालाही हसला, ज्याचा काही संबंध नव्हता.

“आम्ही तिकडे बँकेच्या दारात बसून राहिलो,” बँकवाल्याचा आवाज चढला, “कॉम्प्युटर नको म्हणून घोषणा देऊन राहिलो. मशीन आलं का माणूस घरी जाईन. आन् तू आमच्याच पैशानं मशीन घेशील? वा रे वा!”

“तुझ्या बँकेत नाही आणून ठेवत मी ते,” मी म्हणालो. “देतो का नाही ते बोल.”

“पाहू न,” तो म्हणाला. “पोळा त येऊ दे.”

हे ‘पाहू’ मला फार चांगलं ठाऊक आहे. नाही म्हणायला हिंमत लागते. ‘पाहू’ म्हणायला काही लागत नाही. समोरचा माणूस हेलपाटे घालून घालून स्वतःच दमतो, आणि मग म्हणायला मोकळे की तोच आला नाही, आम्ही तर देणारच होतो.

मी दमलो नाही. रविवारी बसनं कोराडीला गेलो. त्याच्या क्वार्टरच्या खिडकीवर राखेचा थर होता, पण आत नवाकोरा रंगीत टीव्ही होता, त्यावर लोकरीच्या फुलांचं आच्छादन. वहिनींनी चहा दिला. तो म्हणाला, “ओव्हरटाइम बंद आहे गा. सध्या हात लय तंग आहे.” मी टीव्हीकडे पाहिलं. तो म्हणाला, “हप्त्यावर घेतला.” मी चहा अर्धा ठेवून उठलो. वहिनींचा काही दोष नव्हता.

सावनेरला तर तिसऱ्यानं मला जेवायला बसवलं. पाटवडीचा रस्सा, भाकरी, वर भात, वर तूप. त्याची आई वाढत होती आणि “घे बाप्पा, घे, लाजू नको,” म्हणत होती. जेवण झाल्यावर त्यानं मला शेत दाखवलं, नवी मोटारसायकल दाखवली, विहिरीवरचा नवा पंप दाखवला. मग मागच्या खिशात हात घालून म्हणाला, “यंदा कपाशी काय देते ते पाहू. त्याच्याआधी कसं सांगू?” कपाशी दिवाळीच्या सुमाराला घरात येते. माझी मुदत पोळ्याची होती. हे त्यालाही कळत होतं, मलाही कळत होतं आणि आम्ही दोघं त्या पंपाकडे पाहत उभे होतो.

परतीच्या बसमध्ये माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. भिकारीसुद्धा एका दारावरून हाकलला की पुढच्या दाराला जातो. त्याला कोणी पोटभर जेवू घालून पंप दाखवत नाही.

पोळा आठवड्यावर आला आणि वस्तीत बडग्याची बैठक भरली. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर सगळी टाळकी जमली होती. कोराडीवाला सुटी घेऊन आला होता, सावनेरवाला खास मोटारसायकलवरून. यंदा बडग्या कशाचा? बँकवाल्यानं भाषणाच्या सुरात जाहीर केलं, “नोकऱ्या खाणाऱ्या कॉम्प्युटरचा!” टाळ्या पडल्या. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेला एकटा मी होतो.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “डोक्याच्या जागी पडदा काढून देतो.”

“पडदा कायले?” बँकवाला म्हणाला. “बडग्याले तोंड पाहिजे. लोकायनं शिव्या कोणाले द्याच्या?” मग जरा थांबून, सगळ्यांकडे पाहत म्हणाला, “कॉम्प्युटरवाल्याचं तोंड काढ. तुझं.”

ओट्यावर हशा पिकला. लोक मांड्यांवर हात आपटून हसत होते.

“हसून नका राहू, मी खरं बोलतो,” तो म्हणाला. “पैसे पाहिजे न तुले? मग काढ तुझं तोंड. हुबेहूब पाहिजे. मारबतीच्या रोजी हे तोंड जळलं का त्याच संध्याकाळी आम्ही तिघं आपापला वाटा तुह्या हातात ठेवू. दहा लोकांत शब्द देतो. काय रे?”

कोराडीवाल्यानं आणि सावनेरवाल्यानं माना हलवल्या. त्यांना खात्री होती की मी पाय आपटत निघून जाईन. म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला आणि वर्षभर सांगायला एक गंमतही झाली.

मी म्हणालो, “काढतो.”

हसणं जरा कमी झालं. मला त्या क्षणी पैशापेक्षाही त्यांची थोबाडं पाहायची होती.

टोपली माझ्याकडे आली. मागच्या पडवीत आरसा टांगून मी स्वतःचं तोंड रंगवायला बसलो. आणि सांगतो, मी ते चोख रंगवलं. कपाळावरची शीर, डाव्या भुवईतली जुनी खोक, हनुवटीवरचा तीळ, चष्म्यामागचे माझे तिरसट डोळे. चष्मा खऱ्या तारेचा केला. राग आला की माझा खालचा ओठ एका बाजूला ओढला जातो, तोही सोडला नाही. कॉलेजात व्यक्तिचित्राला मला कधी चांगले गुण मिळाले नव्हते. हे चित्र पाहून मात्र मास्तर गप्प बसले असते. काम झालं की मी त्यावर आईचं जुनं लुगडं टाकायचो. तिला सांगून ठेवलं होतं, “रंग ओला आहे, हात लावू नको.” तिनं लावला नाही. दर वर्षी एक टोपली पडवीत असायचीच.

मारबतीच्या दिवशी सकाळीच ते लोक टोपली लुगड्यासकट घेऊन गेले. धड तयार होतं. पोटाच्या जागी पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर, त्यावर लाल अक्षरात ‘नोकऱ्या खाणारा’. वर माझं तोंड बसवलं. गळ्यात माझ्यासारखीच खांद्याची झोळी अडकवली होती, हे ठरलेलं नव्हतं, त्यांच्या डोक्यातून निघालं होतं. आणि हातात एक वाडगा. भीक मागायचा.

ढोल सुरू झाले. मी आमच्या गल्लीसमोरच्या एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. पळून जायचं नाही असं मी ठरवलं होतं. बडग्या कोपऱ्यावरून वळला आणि लोक ओरडायला लागले, “नोकऱ्या खाणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!” कोणी चपला भिरकावल्या. एक चप्पल माझ्या कागदी गालाला लागली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. काहींनी मला पायरीवर ओळखलं, एकमेकांना कोपरानं ढोसलं. मी दात आवळून उभा होतो. मनात म्हणत होतो, ओरडा लेकहो, संध्याकाळपर्यंत ओरडा, उद्या दुपारी मशीन माझं आहे.

माझी आई दर वर्षीसारखी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिचा या सगळ्यावर पक्का विश्वास होता. त्या वर्षी वडिलांचा खोकला जात नव्हता, तो मारबतीनं न्यावा म्हणून ती सकाळपासून उपाशी होती. बडग्या तिच्यासमोर आला तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, हात वर केला आणि सगळ्या बायकांच्या वर आवाज काढून ओरडली, “घेऊन जा गे मारबत!”

आणि मग तिनं वर पाहिलं.

तिचा हात तसाच वर राहिला. मी पायरीवरून तिचं तोंड पाहिलं. ते मला रंगवता आलं नसतं, आणि रंगवायचंही नाही. दुसऱ्या क्षणी ती गर्दीत घुसली होती. बांबू खांद्यावर घेतलेल्या माणसांना तिनं ढकललं, बडग्याच्या शर्टाला धरून लोंबकळली, तो कलंडला, आणि तिनं दोन्ही हातांनी ते डोकं धडापासून उपटून काढलं. तारेचा चष्मा वाकला. “हे माह्या पोराचं तोंड आहे!” ती ओरडत होती. “माह्या पोराचं तोंड आहे!” ढोल थांबले.

मी धावत गेलो. तिनं मला विचारलं, “कोणं काढलं हे?”

“मी.”

तिनं भर रस्त्यात माझ्या कानाखाली वाजवली. मग ते डोकं पदराखाली घेऊन ती घरात गेली. ढोल पुन्हा सुरू झाले. बडग्या बिनडोक्याचाच पुढे गेला आणि बिनडोक्याचाच जळला.

संध्याकाळी मी पानठेल्यावर गेलो. तिघंही होते. मी हात पुढे केला.

“कायचे पैसे?” बँकवाला म्हणाला. “तोंड जळलं का? नाही न जळलं. शर्त तुटली गा. आम्ही काय करू, तुह्या मायनं तोडली.”

“आम्ही त देणारच होतो,” सावनेरवाला म्हणाला. हे त्यानं अगदी वाईट वाटल्यासारखं म्हटलं, आणि त्याच वाक्यावर माझा तोल गेला. मी बँकवाल्याची गचांडी धरली. कोराडीवाल्यानं मध्ये पडून मला मागे ओढलं. शर्टाच्या गुंड्या तुटल्या, माझ्याच. “साला मजाकबी नाही समजत याले,” मागून आवाज आला.

घरी येऊन मी आईसमोर सगळं ओकलो. जागा, मुदत, शर्त, ओट्यावरचा शब्द. “तुझ्यामुळे गेलं सगळं,” मी ओरडलो. “कागदच होता तो! जळू दिला असतास तर काय बिघडलं असतं?” ती चुलीपुढे बसली होती. शेजारी ती टोपली होती. माझं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं.

तिनं शांतपणे विचारलं, “कोण कोण होते?”

मी तिन्ही नावं सांगितली. ती उठली, टोपली उचलली आणि पायात चपला सरकवल्या. नुकते दिवे लागले होते. मी तिच्या मागे गेलो. तिला थांबवायला गेलो होतो, पण ती थांबणारी बाई नव्हती.

बँकवाल्याचं घर आधी आलं. त्याची आई दारात तांदूळ निवडत होती. माझ्या आईनं टोपली तिच्या उंबऱ्यावर धरली, ठेवली नाही, नुसती धरली.

“हे काय वं आणलं?” ती बाई म्हणाली, आणि मग तिला कळलं. तांदळाचं सूप हातातून खाली आलं. “अवं माय! बडग्याचं डोस्कं! वापस कायले आणलं? दूर ने, दूर ने!”

“कुठं नेऊ?” आई म्हणाली. “साऱ्या नागपूरची पीडा बसली याच्यावर. तुह्या पोरानं माह्या पोराचं तोंड लावलं, आता हे जाळू त माह्यं पोरगं जाळल्यासारखं होते. न जाळू त पीडा वस्तीतच राहते. मले त काही सुचून नाही राहिलं. ज्यानं हे काम केलं त्याच्याच घरी ठेवाव म्हटलं.”

“नको वं बाई, पाया पडतो तुह्या! घरात लेकुरवाळी सून आहे माह्यी!”

“मग तुह्या पोरानं दहा लोकांत शब्द दिला आहे. तो पाळाले लाव. मी हे इथून उचलीन.”

मी ती बाई आत पळताना पाहिली. आत डब्यांचा खडखडाट झाला. बँकवाला तेवढ्यात पानठेल्यावरून आला, म्हणाला, “काय तमाशा लावला आहे?” आणि त्याच्या आईनं त्याला असं काही झापलं की संघटनेचा भाषणबाज एका ओळीतच संपला. पैसे मोजून माझ्या आईच्या हातात ठेवले गेले. दुरून, हात लांब करून, बोटाला बोट लागू न देता.

कोराडीवाल्याच्या आईवडिलांकडे बोलावंही लागलं नाही. बातमी आमच्या आधी पोचली होती. त्याचे वडील पैसे घेऊन फाटकातच उभे होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आई सावनेरला निघाली. मी सोबत होतो. टोपली फडक्यात बांधून तिच्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, “काय आहे मावशी यात?” ती म्हणाली, “पोरगा.” कंडक्टरला ती चेष्टा वाटली. सावनेरला ज्या बाईनं मला तूप वाढलं होतं तिनं आत काय आहे ते ऐकताच फडकं सुटायच्या आत पैसे काढले, आणि मुलाच्या पाठीत धपाटा घातला. मोटारसायकल अंगणातच होती. आम्हाला स्टँडवर सोडतो असं कोणी म्हणालं नाही, म्हटलं असतं तरी आई बसली नसती.

दुपार व्हायच्या आत मी रामदासपेठेत पैसे टेबलावर ठेवले. मशीन माझं झालं.

त्या तिघांचे पैसे मी पहिल्या कमाईतून फेडले, मनीऑर्डरनं, सोबत एक ओळही न लिहिता. कोणी म्हणतात, शेवटी दिले ना त्यांनी? नाही. त्यांनी दिले नाहीत. ते मैत्रीनं आले नाहीत, भीतीनं आले. मित्रांकडे मी महिनाभर तोंड वेंगाडलं तेव्हा मला चहा, रस्सा आणि पंप मिळाला. बँकेत पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा बँकवाल्याचा निरोप आला होता, जरा शिकवशील का म्हणून. मी उत्तर दिलं, “पाहू.”

निघायच्या दिवशी तिघंही स्टेशनवर आले होते. हार घेऊन! जणू काही झालंच नव्हतं. मी खिडकीची झडप खाली ओढली आणि ती धरून बसलो. त्यांनी बाहेरून थापा मारल्या, हसले, नाव घेऊन हाका मारल्या. मग गेले.

ते गेल्यावर मी झडप वर केली. आई खिडकीपाशीच उभी होती. मॉनिटरला तिनं आपल्या गोधडीत गुंडाळून दिलं होतं आणि त्यावर काळा दोरा बांधला होता. मी तिच्याशी त्या संध्याकाळपासून धड बोललो नव्हतो. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, “आई, त्या टोपलीचं काय केलंस?”

“काय करणार? घरी आहे. देवाच्या बाजूले.”

“देवाच्या? तूच तर म्हणत होतीस, सगळ्यांची पीडा आहे तिच्यावर. ती परत घरात आणायची नसते.”

“नसते आणायची,” ती म्हणाली. “मले काय माहीत नाही? पण तोंड तुझं आहे न बाप्पा. तुझं तोंड मी घराबाहेर कसं टाकू?”